खाडीचा चिखल आणि कार्बनची हुंडी

केनियाच्या दक्षिण किनाऱ्यावर, मोम्बासा बंदरापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, गाझी नावाची एक लहानशी खाडी आहे. तिच्या काठी गाझी आणि माकोंगेनी या दोन गावांत प्रामुख्याने मासेमारीवर गुजराण करणारी कुटुंबे राहतात. आणि त्यांच्या वस्तीलगत कांदळवनाचा जो पट्टा भरतीच्या पाण्यात उभा आहे, त्यातील ११७ हेक्टरांचा तुकडा २०१३ सालापासून एका विलक्षण व्यवहाराचा विषय झालेला आहे. या तुकड्यातील लाकूड कोणी विकत घेत नाही. ते तोडले जाऊ नये, आणि जेथे झाडी उजाड झाली तेथे नवी रोपे लागावीत, या कामाचा मोबदला म्हणून दूरदेशीच्या संस्था, कंपन्या आणि काही खासगी गृहस्थ या गावांना दरसाल रक्कम पोचवतात, आणि तिच्या बदल्यात आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी अमुक इतके टन गाझीच्या चिखलाने व झाडांनी पोटात घेतले, असा दाखला आपल्या दप्तरी ठेवतात. ‘मिकोको पामोजा’ या नावाने ओळखला जाणारा हा उपक्रम कांदळवनाच्या कार्बनची विक्री करणारा जगातील पहिला ग्रामोपक्रम मानला जातो.

समुद्रकिनाऱ्याच्या रक्षणासाठी पैसा कोठून आणावा, हा प्रश्न आज जगातील प्रत्येक सागरी सरकारपुढे उभा आहे, आणि त्यावर कार्बनचा बाजार हे उत्तर मोठ्या उत्साहाने सुचविले जात आहे. या उत्तरात तथ्य किती, हे पारखण्यासाठी मी गाझीचेच उदाहरण प्रथम घेतो, कारण तेथे आकडे लहान आहेत, व्यवहार जुना आहे, आणि पैसा कोणाच्या हाती गेला हे स्पष्ट दिसते. वर्षाकाठी सुमारे ३,००० टनांची क्रेडिटे, म्हणजे वर सांगितलेले दाखले, आणि त्यांपोटी आरंभीच्या वर्षांत बारा ते पंधरा हजार डॉलरांची प्राप्ती, एवढाच त्याचा आवाका. स्कॉटलंडमध्ये नोंदलेली एक धर्मादाय संस्था ती क्रेडिटे विकते, ‘प्लॅन विवो’ या प्रमाणपद्धतीखाली त्यांची तपासणी होते, आणि खर्च वजा जाता उरलेली रक्कम गावांकडे येते. तिचा विनियोग कसा करावा, हे गावकऱ्यांच्या जाहीर सभेत ठरते: कधी पिण्याच्या पाण्याची नळयोजना, कधी शाळेची पुस्तके, कधी शाळेच्या इमारतीची दुरुस्ती. २०१७ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने या उपक्रमाला ‘इक्वेटर’ पुरस्कार दिला. त्याच किनाऱ्यावर थोडे दक्षिणेला, टांझानियाच्या सरहद्दीजवळ, वांगा येथे सुमारे ४६० हेक्टरांवर पुढे तसाच दुसरा उपक्रम उभा राहिला.

या यशाची मुळे बाजाराच्याही आधीची आहेत. पूर्व आफ्रिकेतील कांदळाचे वासे गलबतांत घालून अरबस्तानाकडे नेण्याचा व्यापार शतकानुशतके चालत आला होता. त्यात १९७० च्या दशकात भट्ट्यांच्या जळणासाठी गाझीच्या खाडीत मोठी तोड झाली आणि काही भाग इतका उघडा पडला की तेथे झाडी आपणहून परत येईना. १९९० च्या दशकाच्या आरंभी केनियाच्या सागरी मत्स्यसंशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी, ज्यांत जेम्स कैरो यांचे नाव अग्रभागी आहे, त्या उजाड पट्ट्यांत रोपे लावून पाहण्यास प्रारंभ केला. म्हणजे पहिले क्रेडिट विकले जाण्यापूर्वी सुमारे वीस वर्षे तेथे मोजमाप, लागवड आणि गावकऱ्यांशी सहवास चालू होता. शिवाय २००५ च्या वनकायद्याने सरकारी वनांच्या व्यवस्थापनात ग्रामसंघांना भागीदार होण्याची वाट मोकळी केली होती. जमीन सरकारची, रक्षण गावाचे आणि उत्पन्नावर हक्क गावाचा, असा लेखी करार प्रथम झाला. ग्राहक मागाहून आला. हा क्रम मला या सर्व प्रकरणातील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, आणि पुढील विवेचनात मी तिच्याकडे वारंवार वळणार आहे.

आता हा कार्बन चिखलात येतो कोठून, ते पाहू. ओहोटीच्या वेळी आपल्या कोकणातील कोणत्याही खाडीत तिवरांच्या मुळांशी उभे राहिल्यास गुडघाभर काळा गाळ पायाला धरून बसतो, आणि त्यातून नासक्या अंड्यांसारखा जो उग्र वास येतो तोच या रहस्याचा सुगावा होय. त्या गाळात प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून तेथे पडलेली पाने, मुळ्या आणि नदीने वाहून आणलेला पालापाचोळा जमिनीवरील रानासारखा कुजून हवेत विरून जात नाही, थरावर थर साचत राहतो. प्रत्येक भरती थोडा गाळ आणते, मुळांचे जाळे तो अडवते, आणि अशा रीतीने हजारो वर्षांचा संचय पायाखाली तयार होतो. हिंदी-प्रशांत महासागरांच्या प्रदेशातील कांदळवनांचे जे मोजमाप २०११ साली प्रसिद्ध झाले, त्यानुसार एका हेक्टरात सरासरी १,०२३ टन कार्बन आढळला, आणि त्यातील बहुतांश झाडांत नसून मातीत होता. कांदळवने, समुद्री गवताची कुरणे आणि खाऱ्या दलदली या तिन्हींच्या संचयाला २००९ पासून ‘नील कार्बन’ असे नाव रूढ झाले आहे.

हा संचय मोजण्याची रीत पाहण्यासारखी आहे. एका बाजूने उघडे असलेले अर्धगोल पोलादी नळकांडे गाळात मीटरभर खोल दाबायचे, फिरवायचे आणि अलगद वर ओढायचे. नळकांड्यात चिखलाचा जो अखंड स्तंभ येतो, त्याचे पंधरा, तीस, पन्नास आणि शंभर सेंटिमीटर अशा खोलींवर भाग करून प्रत्येकातून नमुना कापून घ्यायचा. हे नमुने भट्टीत मंद आचेवर वाळवून तोलतात आणि मग त्यांतील कार्बनचे प्रमाण काढतात. झाडाचा घेर सामान्यतः छातीच्या उंचीवर घेतात, परंतु कांदळाची आधारमुळे खोडातून कमानीसारखी फुटत असल्यामुळे तेथे सर्वांत वरच्या मुळाच्या तीस सेंटिमीटर वर फीत लावावी लागते. निघालेल्या कार्बनच्या वजनाला ३.६७ ने गुणले की कार्बन डायऑक्साइडचे वजन मिळते, कारण कार्बनच्या बारा भागांना प्राणवायूचे बत्तीस भाग जोडले जाऊन चव्वेचाळीस होतात. हे काम शास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली गावातील तरुण उत्तम प्रकारे करू शकतात. गाझी येथे गावकरी अशा मोजणीत सहभागी झालेले आहेत.

येथे एक भ्रम दूर करणे अगत्याचे आहे. हेक्टरी हजार टन कार्बन हा आकडा ऐकला की पुष्कळांना वाटते, आता किनाऱ्यावर सोन्याची खाण सापडली. बाजार मात्र साठ्याचे पैसे देत नाही, फरकाचे देतो. तुमचा उपक्रम नसता तर जे घडले असते आणि उपक्रमामुळे जे घडले, त्या दोहोंमधील अंतर हीच विकाऊ वस्तू. ११७ हेक्टरांतून वर्षाला ३,००० टन, म्हणजे हेक्टरी सुमारे पंचवीस टन, आणि टनाला चार-पाच डॉलर, हे गाझीचे गणित ज्याने एकदा मांडले, त्याला या व्यवहाराची खरी मर्यादा कळते. एवढ्या पैशात गावाला पाणी मिळते, पहारेकऱ्याचा पगार निघतो. किनाऱ्याची सारी अर्थव्यवस्था त्यावर चालत नाही.

फरक सिद्ध करण्याच्या अटीही कडक आहेत, आणि त्या तशाच असावयास हव्यात. पहिली अट अतिरिक्ततेची: जे काम कायद्याने वा अन्य कारणाने होणारच होते, त्याचे क्रेडिट नाही. दुसरी स्थायित्वाची: आज साठविलेला कार्बन उद्या वादळाने वा कुऱ्हाडीने सुटला तर काय, याची तजवीज म्हणून प्रत्येक उपक्रमाच्या क्रेडिटांपैकी काही हिस्सा न विकता गंगाजळीत ठेवावा लागतो. तिसरी अट गळतीची, आणि तिचे गाझीतील उत्तर मला फार समंजस वाटते. कांदळ तोडण्यास बंदी केली म्हणून घराला वासा आणि चुलीला लाकूड लागणे थांबत नाही. गावकरी शेजारच्या वनात जाऊन तेच तोडतील आणि फायदा शून्य होईल. म्हणून उपक्रमाने किनाऱ्यापासून आत सुरूची लागवड केली, तेच सुरू जे आपण दापोली-अलिबागच्या पुळणीवर पाहतो. ज्यांच्याकडून त्याग मागायचा त्यांच्या गरजेची पूर्ती आधी करून ठेवायची, हा साधा व्यवहार मोठमोठ्या योजनांच्या मसुद्यांत राहून जातो.

बाजाराचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगतो. १९९७ च्या क्योतो करारातून विकसनशील देशांतील प्रकल्पांची क्रेडिटे श्रीमंत देशांनी घेण्याची व्यवस्था जन्मली. तिच्या जोडीने कंपन्यांनी स्वेच्छेने खरेदी करावयाचा दुसरा बाजार वाढला, आणि किनारी उपक्रम बहुतांशी या दुसऱ्या बाजारात आहेत. २०१५ साली खाऱ्या दलदली व समुद्री गवताच्या पुनरुज्जीवनाची मोजणीपद्धती ‘व्हेरा’ या अमेरिकेतील प्रमाणसंस्थेने मान्य केली आणि मग मोठे प्रकल्प पुढे आले. कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरील सिस्पाता उपसागरात सुमारे ११,००० हेक्टरांच्या कांदळवनाचा ‘विदा मांग्लार’ हा प्रकल्प २०२१ साली नोंदला गेला. वनरक्षणाबरोबर मातीतील कार्बनही हिशेबात धरणारा तो पहिला. त्याहून कितीतरी विशाल आहे सिंधू नदीच्या मुखाशी, पाकिस्तानच्या सिंध प्रांतात चाललेला ‘डेल्टा ब्लू कार्बन’ प्रकल्प: साडेतीन लाख हेक्टर क्षेत्र, साठ वर्षांची मुदत, आणि एकीकडे प्रांतिक सरकार तर दुसरीकडे खासगी भांडवल अशी भागी. धरणे व कालव्यांमुळे गोडे पाणी आटलेल्या त्या त्रिभुज प्रदेशात उजाड चिखलावर पुन्हा तिवरे उभी राहत आहेत, ही लहान गोष्ट नव्हे; सरकारी खजिन्यातून तिला पैसा मिळणे दुरापास्त होते, आणि तो बाजाराने आणला, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु ज्या बाजारातून पैसा येतो तो किती चंचल आहे, हेही याच काळात दिसून आले. स्वेच्छेच्या बाजाराची उलाढाल २०२१ साली सुमारे दोन अब्ज डॉलरांवर गेली होती. २०२३ च्या जानेवारीत पर्जन्यवनांच्या क्रेडिटांविषयी वृत्तपत्रांनी केलेला शोध प्रसिद्ध झाला आणि त्यातील पुष्कळशा क्रेडिटांमागे प्रत्यक्ष बचत नाही असा गंभीर आक्षेप पुढे आला. कंपन्या बिचकल्या, आणि त्या वर्षाची उलाढाल ७२ कोटी ३० लाख डॉलरांपर्यंत उतरली. कोणत्याही शेतमालाची विक्री दोन वर्षांत अशी कोसळली तर आपण त्यास दुष्काळ म्हणू. ज्या गावाने साठ वर्षांच्या रक्षणाची कबुलायत लिहून दिली, त्याच्या उत्पन्नाचा आधार लंडन-न्यूयॉर्कमधील कंपनीच्या एका बैठकीवर असणे, ही स्थिती मला चिंताजनक वाटते. म्हणूनच किमान भावाची हमी, किंवा भाव पडल्यास पहाऱ्याचा खर्च चालू ठेवणारा राखीव निधी, ही करारातील अटळ कलमे असली पाहिजेत.

कार्बनविक्री हा समुद्राच्या अर्थपुरवठ्याचा एकमेव मार्ग नाही, याचाही विसर पडू नये. सेशेल्स या हिंदी महासागरातील द्वीपराष्ट्राने २०१८ साली जगातील पहिले सरकारी ‘नील कर्जरोखे’ काढून दीड कोटी डॉलर उभे केले आणि ते मत्स्यव्यवसायाच्या सुधारणेकडे वळविले. बंदरांचे सांडपाणी, प्रवाळांचे रक्षण, मच्छीमारांचे विमे, किनाऱ्याची धूप यांपैकी बहुतेक कामांत मोजून विकता येईल असा कार्बनच नाही. त्यांना करांचा, कर्जांचा आणि अनुदानांचाच पैसा लागणार.

आता आपल्या घराकडे वळू. २०२३ च्या वनसर्वेक्षणाप्रमाणे महाराष्ट्रात सुमारे ३१५ चौरस किलोमीटर कांदळवन आहे. मुंबईच्या भोवती त्यावर भराव टाकून इमारती उभ्या राहण्याचा जो सपाटा चालला होता, त्याला मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशाने लगाम बसला, आणि २०१८ च्या अंतिम निकालात न्यायालयाने कांदळवनाचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावरच आघात आहे असे स्पष्ट केले. २०१२ पासून राज्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे, आणि २०२० साली पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवृक्ष ठरला. कायद्याच्या दृष्टीने आपण पुष्कळांच्या पुढे आहोत. नेमकी हीच गोष्ट कार्बनच्या बाजारात अडचणीची ठरते: जे वन कायद्याने तोडताच येत नाही, ते न तोडल्याचे श्रेय विकता येत नाही. त्यामुळे ठाण्याच्या खाडीपासून तेरेखोलपर्यंत उभ्या असलेल्या तिवरांचे एकत्रित मूल्य अमुक कोटी, अशी जी विधाने अधूनमधून केली जातात, ती वाचकांनी सावधपणे घ्यावीत. विकता येण्याजोगा भाग आहे तो नव्या लागवडीचा आणि उजाड खाजणांच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनींच्या, पुनरुज्जीवनाचा, आणि तो बराच लहान आहे.

केंद्र सरकारची दिशाही तीच दिसते. २०२२ साली ऊर्जासंवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली, २०२३ च्या जूनमध्ये देशांतर्गत कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना राजपत्रात आली, आणि २०२५ च्या मार्चमध्ये मान्य झालेल्या आठ मोजणीपद्धतींत कांदळवनाच्या लागवडीला स्थान मिळाले. त्याआधी, ५ जून २०२३ रोजी, ‘मिष्टी’ योजनेचा प्रारंभ झाला असून पाच वर्षांत सुमारे ५४० चौरस किलोमीटर कांदळवन लावण्याचा किंवा सुधारण्याचा तिचा संकल्प आहे. संकल्प स्तुत्य आहे. तथापि हेक्टरांचे उद्दिष्ट गाठण्याच्या घाईत रोपे कोठे लावली जातील, याची मला धास्ती वाटते. ओहोटीला उघडा पडणारा प्रत्येक चिखल हा ओसाड चिखल नव्हे. त्यावर परदेशी पाणपक्षी उतरतात, आणि त्याच चिखलात आपल्या खाडीकाठच्या बाया कमरेला टोपली बांधून, पायाच्या बोटांनी चाचपत तिसऱ्या काढतात, खडकावरची कालवे कोयत्याने फोडतात, बिळातून चिंबोरी ओढतात. तेथे एकाच जातीच्या रोपांच्या रांगा उभ्या केल्या, तर रोपे बहुधा मरतील, आणि जगली तर त्या बायांची रोजची मिळकत जाईल.

खाजणांचा प्रश्न याहून बिकट आहे, आणि हक्काचा खरा गुंता येथेच आहे. कोकणात आणि गोव्यात आपल्या पूर्वजांनी बांध घालून भरतीचे पाणी अडविले, उघडझाप करणारी दारे बसविली, आणि खाऱ्या जमिनीत तग धरणारे भात पिकविले. गोव्यात ही व्यवस्था ‘गावकरी’ या ग्रामसंस्थेच्या सामुदायिक देखरेखीखाली चाले, आणि बांधाच्या दारांना तेथे ‘मानस’ म्हणतात. माणसे शहराकडे गेली, बांधांची डागडुजी राहिली, एखाद्या पावसाळ्यात बांध फुटला आणि खारे पाणी आत शिरले. काही वर्षांत तेथे तिवरे उगवली. आज अशा कित्येक जमिनींच्या सातबाऱ्यावर भातशेती आणि खातेदाराचे नाव आहे, प्रत्यक्षात उभे आहे कांदळवन, आणि न्यायालयाच्या आदेशामुळे खातेदाराला त्यास हात लावता येत नाही. त्याची शेती गेली, मोबदला मिळाला नाही, आणि वनाच्या रक्षणाचा भार मात्र त्याच्या डोक्यावर. अशा जमिनीच्या पुनरुज्जीवनातून उद्या क्रेडिट निर्माण झाले, तर ते कोणाचे? खातेदाराचे, ज्यांनी पिढ्यान्पिढ्या वहिवाटीने तेथे मासे धरले त्या कोळी-भोई-गाबितांचे, वनखात्याचे, की रोपे लावून देणाऱ्या कंपनीचे? हा निवाडा विक्रीनंतर करू म्हणणे म्हणजे पुढील तीस वर्षांचे दावे आजच दाखल करून ठेवणे होय.

सुदैवाने आपल्याकडे पाया अगदीच नाही असे नाही. राज्याच्या कांदळवन संरक्षण व उपजीविका योजनेखाली किनारी गावांत सहव्यवस्थापन समित्या स्थापन झाल्या असून खेकडा व कालवे संवर्धन, शोभिवंत मासे, निसर्गपर्यटन अशी कामे गावगट करीत आहेत. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ बचत गटाच्या स्त्रिया स्वतः होडी वल्हवीत पर्यटकांना कांदळवन दाखवितात, आणि कोणते झाड कोणते, हे कोणत्याही वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकाइतक्या नेमकेपणाने सांगतात. गाझीला जे वीस वर्षांत उभारावे लागले, त्याचा काही अंश येथे तयार आहे. मोजणीचे शिक्षण या समित्यांना द्यावे, क्रेडिटाची रक्कम थेट त्यांच्या खात्यावर यावी, आणि कार्बनचे उत्पन्न हे खेकडे, कालवे व पर्यटन यांच्या उत्पन्नाला पूरक राहावे, म्हणजे बाजार पडला तरी गाव पडणार नाही.

कार्बनच्या बाजाराला माझा विरोध नाही. ज्या कामाला आजवर कोणी पैसा देत नव्हते त्याला तो मिळत असेल, तर तो घेतला पाहिजे. पण येत्या काही वर्षांत करारांचे मसुदे घेऊन माणसे आपल्या खाडीकाठच्या गावांत येतील. त्यांचा करार मराठीत लिहिलेला असावा, ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा, त्यात गावाचा वाटा, किमान भाव, मुदत आणि मासेमारीची वहिवाट अबाधित राहील ही हमी स्वच्छ अक्षरांत असावी, आणि खाजणाच्या खातेदाराची व सहव्यवस्थापन समितीची सही होईपर्यंत एकही क्रेडिट विकले जाऊ नये, असा ठराव पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या प्रत्येक खाडीकाठच्या ग्रामसभेने पहिला दलाल गावात येण्याआधीच मंजूर करून ठेवावा.